तीन विसा

बाथरूमचं दार सताड उघडं आहे आणि मी चौकटीपासून दोन पावलं मागे, वॉशिंग मशीनला टेकून उभी आहे. याच्या पुढे यायचं नाही, असं स्पेशल एज्युकेटरताईंनी बजावलंय. आत प्लास्टिकच्या स्टुलावर दादा बसलाय. वय २७, उंची पावणेसहा फूट, वजन नव्वदीच्या पुढे. अंगात बनियन, मांडीवर टॉवेल, उजव्या हाताच्या बोटांत लेंग्याची जुनी नाडी. नाडीचं टोक गरागरा फिरवत तो ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय आणि घशातून एकसुरी 'हूं' काढतोय. या 'हूं'चा सूर खाली आहे तोवर सगळं ठीक. चढायला लागला की हात मागे घ्यायचा.

त्याच्या पुढ्यात भाऊ उभा आहे, हातात रेझर घेऊन. भाऊ लातूरकडचा, चोवीस-पंचवीसचा. आधी नर्सिंग ब्यूरोतर्फे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं करायचा. आमच्याकडे आला तेव्हा पहिले काही दिवस 'पेशंट' म्हणायचा. दादा हे नाव धाकट्या बहिणीच्या तोंडचं. तिच्यामागून घराचा आणि मग सगळ्या बिल्डिंगचाच तो दादा झाला. भाऊही आता दादाच म्हणतो.

आज भाऊ पहिल्यांदा एकट्यानं दादाची दाढी करणार आहे.

मिसरूड फुटल्यापासून ही दाढी त्याच्या बाबांनी केली. दुसऱ्या कुणाचा हात त्या चेहऱ्याला लागलेला नाही, माझाही नाही. आता बाबांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, हात गळ्यात आहे. ते आतल्या खोलीत पलंगावर बसलेत, दार लोटून. दिसले तर दादा त्यांच्याच हातात रेझर कोंबणार, म्हणून त्यांनाही बाहेर यायला बंदी.

"काकू, सुरू करू का?"

"मला नको विचारूस. त्याला सांग."

भाऊ भिंतीवरच्या फळ्यावरून एक चित्र काढतो. तळहाताएवढं, लॅमिनेट केलेलं, रेझरचा फोटो. तो दादाच्या नजरेच्या टप्प्यात धरतो. "दादा. दाढी." एवढंच. जास्त बोललं की शब्दांची गर्दी होते आणि दादा कानावर हात ठेवतो. नाडी थांबते. दादा चित्राकडे बघत नाही, पण हनुवटी बोटभर वर करतो. हा होकार.

गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन. मग फेस. आणि मग तो क्षण, ज्यासाठी बाबांनी भाऊला स्वतःच्या गालावर आठवडाभर शिकवलंय: रेझर लावायच्या आधी डाव्या हाताचा पूर्ण तळवा दादाच्या जबड्यावर घट्ट दाबून ठेवायचा. हलका, निसटता स्पर्श दादाला सहन होत नाही. शर्टाचं लेबल, केसाची बट, कुणी मायेनं गालावरून फिरवलेलं बोट, यांनी तो चटका बसल्यासारखा मागे सरतो. दाबून ठेवलेला हात मात्र त्याला चालतो, नव्हे, हवा असतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांचं असं असतं, हे मला पुस्तकांतून नंतर कळलं. बाबांना ते आधीच कळलं होतं, हातानं. ट्रिमर कधीच चालला नाही. त्याची घरघर दादाच्या कानात काय होऊन शिरते कोण जाणे.

भाऊचा तळवा जबड्यावर बसतो. माझ्या पोटात गोळा येतो.

"वीस," भाऊ म्हणतो आणि कल्ल्यापासून खाली एक हात मारतो. "एकोणीस." दुसरा हात. एका आकड्याला एक हात. वीसपासून एकपर्यंत डावा गाल, मग रेझर मगात, दोन्ही हात बाजूला आणि 'संपलं'. मग वीसपासून उजवा. शेवटचे वीस हनुवटी आणि मानेचे. आपल्याला किती वेळ सहन करायचंय हे कळलं नाही तर आपणही बिथरतो. आकडे उतरत जाताना ऐकू आले की दादाला शेवट दिसत राहतो.

"संपलं," भाऊ म्हणतो.

"संपलं," दादा म्हणतो. दादाकडे शब्द मोजून हाताच्या बोटांवर मावतील इतके. पाणी, नको, चल, संपलं. 'आई' नाही. ते मी केव्हाच मागायचं सोडलंय, कारण तहान लागली की तो माझ्या मनगटाला धरून माठापाशी नेतो, दुसऱ्या कुणाच्या नाही.

उजवा गालही होतो. आता मान. भाऊ तळवा हनुवटीखाली सरकवतो, डोकं किंचित मागे. कंठमण्यापाशी फेसाचा एक बुडबुडा फुटतो. "वीस. एकोणीस. अठरा." नाडी पुन्हा फिरायला लागलीय. हे उत्तम लक्षण. "बारा..."

आणि भाऊच्या खिशातला मोबाइल वाजतो. मोठ्यांदा, हलगीची रिंगटोन.

दादा ताठ होतो. 'हूं' एकदम वरच्या पट्टीत. त्याचा डावा हात वर येतो, भाऊच्या मनगटाकडे. रेझर मानेवर आहे. भाऊ आकडा विसरतो, मला ते त्याच्या पाठीवरूनही कळतं. मी वॉशिंग मशीनची कड पकडते. पुढे गेले तर दादा उठेल, उठला तर पातं लागेल.

"अकरा!" आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येतो. शांत, रोजच्या पट्टीतला. "दहा, भाऊ. दहा म्हण."

"दहा," भाऊ म्हणतो. तळवा त्यानं सोडलेला नाही. दोन बोटांनी खिशावरूनच फोन दाबून गप्प केलाय. "नऊ." दादाचा हात हवेत थांबतो. आतून बाबा आणि इथून भाऊ, दोघं एका सुरात उतरतात, आठ, सात, सहा, आणि पाचला बाबा गप्प होतात. राहिलेले पाच भाऊ एकटा म्हणतो.

"संपलं."

दादा स्वतःच टॉवेल घेऊन मान पुसतो. कुठे लागलेलं नाही. कानाच्या पाळीमागे फेसाची एक रेघ राहिलीय, ती मी राहू देते.

*

नाश्त्याला शिकरण. त्यातल्या पहिल्या चमच्यात फिटची गोळी. ही गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, कुणी मेलं तरी चुकवायची नाही. दादाला फिट्स तेराव्या वर्षी सुरू झाल्या. ऑटिझमबरोबर अपस्मार पुष्कळांना असतो आणि वयात येतानाचा काळ त्यासाठी नाजूक, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून पहिल्या वेळी निदान काय चाललंय ते कळलं तरी.

भाऊला ते मी वहीत लिहून दिलंय. कुशीवर वळवायचं. घड्याळ बघायचं. तोंडात काही घालायचं नाही, बोट नाही, चमचा नाही. नाकाशी कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रिक्षा-गाडीची वाट न बघता १०८.

ही वही आता जाडजूड झालीय. फुलस्केप, पुठ्ठ्याची, कडेनं चित्रांच्या कार्डांचे जास्तीचे संच चिकटवलेली. दाढीची पानं बाबांनी सांगितली आणि मी उतरवली, कारण त्यांना लिहिता येत नाही सध्या. बाकीची माझी. दात दुखला तर दादा गाल धरत नाही. पायातली चप्पल काढून फेकतो. पोट साफ झालं नसेल तर पंख्याखाली उभा राहून टाळ्या वाजवतो. ताप असेल तर नाडी हातात घेत नाही. बस, ही शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. त्यानं नाडीकडे दुर्लक्ष केलं म्हणजे थर्मामीटर आणायचा. कुठल्याही डॉक्टरला हे दादाकडे बघून कळणार नाही आणि दादा सांगू शकणार नाही.

मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं आई-बाप त्याचे पालक राहत नाहीत. सज्ञान माणूस आपली सही आपण करतो, असं कायदा धरून चालतो. दादाच्या हातात पेन दिलं तर तो त्याचं टोपण डोळ्याच्या कोपऱ्यातून बघेल. ऑपरेशनची संमती असो की त्याच्या नावाची ठेव, त्याच्या वतीनं सही करायची तर पालकत्वाचा कागद लागतो आणि तो १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. आमच्याकडे तो आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राच्या मागे. लहानपणी या प्रमाणपत्रावर 'मतिमंदत्व' लिहिलं होतं, कारण १९९५च्या कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हताच. २०१६च्या कायद्यानं २१ प्रकार केले आणि त्यात तो आला. तोवर दादा वयात आला होता.

न्यासाच्या कायद्यात एक कलम आहे: पालकानं नेमणुकीपासून सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशोब. नियम योग्यच आहे, अशा मुलांच्या वाटणीवर डोळा ठेवणारे नातेवाईक मी पाहिलेत. पण उद्या आमच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव त्या कागदावर चढेल, तेव्हा त्या माणसाला पासबुक मिळेल, निरामय विम्याचा एक लाखाचा कागद मिळेल, बाबांच्या सरकारी नोकरीमुळे माझ्यानंतर दादाला आयुष्यभर मिळायचं ते कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. तळवा आधी आणि रेझर नंतर, हे त्याला कुठल्या रकान्यात मिळणार? माझा जीव या एका प्रश्नात अडकलाय. पैशाची तजवीज आई-बाप करतात, झेपेल तशी करतातच. हातातलं जे आहे ते दुसऱ्याच्या हातात घालायला मात्र दुसरा माणूस समोर उभा लागतो, आपण जिवंत असताना, आणि आपण दोन पावलं मागे.

*

दार उघडून दोघं बाहेर पडतात. मी मागोमाग उंबऱ्यापर्यंत. आता लिफ्ट, मग फाटक, मग वॉचमनकाकांचा हात हातात घेऊन सोडणं, मग म्हातोबाची टेकडी. रात्रभर पडून सकाळपासून पावसानं उघडीप दिलीय, दादाच्या गळ्यात कान झाकायचे मफ आहेत, बांधकामावरचे कामगार वापरतात तसले. सगळं जिथल्या तिथे आहे.

लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलाय. देखभालीसाठी बंद.

दादा बटण दाबतो. लाल दिवा लागत नाही. पुन्हा दाबतो. तिसऱ्यांदा दाबतो तेव्हा अंगठा बटणावर रोवूनच उभा राहतो.

"दादा, लिफ्ट बंद. जिना," भाऊ म्हणतो. बरोबर बोलला, चारच शब्द. पण ते पोचत नाहीत. दादाला जिना उतरता येतो, पायांत काही खोट नाही. जिना आजच्या दिवसात नाही, हा सगळा घोटाळा. फळ्यावर लिफ्टचं चित्र आहे, मग टेकडीचं. मधली एक पायरी कुणीतरी उपटून नेलीय आणि तिच्यापुढचं सगळंच त्याच्या लेखी कोसळलंय.

'हूं' चढतो. मग तो 'हूं' राहत नाही. दादा उजव्या हाताचा अंगठ्याखालचा उंचवटा तोंडात घालतो आणि चावतो. तिथली कातडी वर्षानुवर्षांच्या चाव्यांनी जाड, पिवळट, घट्टा पडलेली आहे. आजूबाजूची नवी कातडी मात्र लगेच लाल होते. दुसरा तळवा लिफ्टच्या पत्र्यावर आपटतो. सगळा जिना घुमतो.

समोरच्या आजींचं दार उघडतं. त्या एक क्षण बघतात. मिक्सर चालू होता तो बंद होतो, टीव्ही बंद होतो आणि दार आतून अलगद लोटलं जातं. या दार लोटण्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. लोक बाहेर येतात, विचारतात, पाणी आणतात, पाठीवरून हात फिरवतात. एक नवे भाडेकरू तर मोबाइल काढून उभे राहिले होते. आजींनी मला पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "आम्ही काय करू अशा वेळी?" मी म्हटलं होतं, आवाज बंद करा आणि आत जा. त्या तेवढं करतात.

माझे पाय उंबऱ्याच्या आत आहेत. मी गेले तर दादा शांत होईल. मला येतं ते. मागून दोन्ही खांदे दाबून धरायचे, हनुवटी त्याच्या पाठीवर टेकवायची, आणि आपला श्वास त्याला ऐकू येईल इतका मोठा सोडायचा. पण मी ६१ वर्षांची आहे आणि त्याची ताकद माझ्या दुपटीहून जास्त. मागच्या दिवाळीत फटाक्यांच्या वेळी हे करताना मी भिंतीशी दाबली गेले आणि बरगडीला चीर गेली. त्यात त्याचा काडीचाही दोष नाही. तो मारत नाही, तो बुडत असतो.

भाऊ काही बोलत नाही. तो दोन पायऱ्या खाली उतरतो आणि पायरीवर बसतो. दादाकडे पाठ करून. हे वहीत नाही. हे बाबांनी सांगितलेलं नाही, मी सांगितलेलं नाही. मला वाटतं थकला, सोडून दिलं यानं. तोंडापर्यंत शब्द आलेत माझ्या. तेवढ्यात तो पाठमोराच म्हणतो, "वीस."

आणि बसल्या-बसल्या एक पायरी खाली सरकतो.

"एकोणीस." पुन्हा एक पायरी.

पत्र्यावरचा हात थांबतो. दात अजून हातावर आहेत, पण डोळे जिन्याकडे वळलेत. भाऊ 'अठरा' म्हणत नाही. थांबतो. वरून एक चप्पल फरशीवर घासते. दादा एक पायरी उतरतो, कठडा धरून, उभ्यानंच.

"अठरा," भाऊ म्हणतो, आणि तोही उठतो.

मला एकदम घाम फुटतो, कारण आमच्या जिन्याला मजल्याला अठरा पायऱ्या आहेत. दोन वेळा नऊ. विसाचं गणित जमणार नाही. खालच्या मजल्यावर पाय टेकतील तेव्हा आकडे उरलेले असणार आणि मध्येच तुटलेला आकडा म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टइतकाच मोठा अपघात. मी कठड्यावरून वाकून बघते. पंधरा, चौदा, तेरा. मधला चौक. त्यांचे दोन हात कठड्यावर दिसतात, एक सावळा, एक लाल झालेला. सात. सहा. शेवटची पायरी तीनला येते, खाली सरकताना आणि थांबताना एखाद-दुसरा आकडा कुठे पडला ते देवाला ठाऊक. भाऊ सपाट फरशीवर उभा राहतो आणि जागच्या जागी पाय आपटून म्हणतो, "दोन." पुन्हा पाय. "एक."

"संपलं," दादा म्हणतो.

"अजून दोन वेळा, दादा. तीन विसा झाल्या की फाटक," भाऊ म्हणतो, लातूरकडच्या म्हाताऱ्या मोजतात तसं, आणि दुसऱ्या मजल्यावरून पुन्हा वीस सुरू होतात. मी ऐकत उभी राहते. पहिल्या मजल्यावर तिसरे वीस. त्यानंतर फाटकाची कडी वाजते.

*

आत येते तर बाबा दारातच उभे. "गेले?" विचारतात. गेले, म्हणते. ते खाली मान घालून गळ्यातला हात दुसऱ्या हातानं धरतात. डोळे भरलेत त्यांचे. इतकी वर्षं टेकडीवर तेच न्यायचे.

दोघं नसताना घर फार मोठं होतं. मी चहा टाकते. बाबा त्यांच्या नेहमीच्या विषयावर येतात, डोनाल्ड ट्रिपलेटवर. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांवरचा लेख लिहिला आणि ऑटिझम पहिल्यांदा नीट नोंदला गेला. त्या अकरांतलं पहिलं मूल डोनाल्ड. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावी तो राहिला, गावातल्या बँकेत काम केलं, गोल्फ खेळला, आणि २०२३ साली गेला तेव्हा ८९ वर्षांचा होता. डोनाल्ड बोलायचा, गाडी चालवायचा, एकटा प्रवास करायचा. दादाचं तसं नाही, हे बाबांनाही माहीत आहे. तरी त्यांच्या डोक्यातून तो ८९चा आकडा जात नाही. म्हणजे दादापुढे आणखी साठ वर्षं असू शकतात. आमच्यापुढे किती, ते आम्ही बोलत नाही.

मला स्वतःला दुसऱ्या एका कागदानं धीर दिला. २०२१च्या डिसेंबरात 'द लॅन्सेट'च्या आयोगानं दादासारख्यांसाठी 'प्रोफाउंड ऑटिझम' असं वेगळं म्हणावं, ही सूचना केली. वय आठ किंवा त्यापुढे, बुद्ध्यंक पन्नासच्या आत किंवा बोलणं अगदी मोजकं, आणि दिवसरात्र मोठं माणूस हाताशी लागणारं. काही ऑटिस्टिक माणसांना हे वेगळं काढणं आवडलेलं नाही, त्यांची बाजूही मी समजून घेतलीय. पण घरी येणारा जो तो मला गणितात हुशार असलेल्या, पियानो वाजवणाऱ्या मुलांच्या गोष्टी सांगायचा आणि 'याच्यात काय आहे विशेष?' असं विचारायचा. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे एक शब्द आला. विशेष हे आहे की त्याला चोवीस तास माणूस लागतं.

हे माणूस कुठून आणायचं? बदलापूरला 'आधार' आहे, पालकांनीच एकत्र येऊन उभं केलेलं, जिथं मोठी झालेली बौद्धिक अक्षम मुलं कायमची राहतात. अशी घरं आपल्याकडे थोडी आणि रांगा लांब. दोन-तीन ठिकाणचे अर्ज आम्ही आणले, त्यांत अट होती की मुलानं स्वतःचं स्वतः आवरलं पाहिजे आणि त्याला फिट्स नसाव्यात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, ते अर्जाच्या पहिल्या पानावरच बाद. मी त्या संस्थांना बोल लावत नाही, त्यांच्याकडेही माणसं टिकत नाहीत. ब्यूरोकडून येणारी मुलं महिना-दोन महिन्यांत जातात. बारा तासांची ड्यूटी, रजा नाही, चावलं-ओरबाडलं तर मलम स्वतःचं. आम्ही भाऊला ब्यूरोच्या दरावर थोडे वाढवून देतो, रविवारची सुट्टी देतो, त्याच्या नावानं पोस्टात दरमहा टाकतो. याला उपकार म्हणायचं नाही. हे काम शिकायला त्याला वर्ष लागणार आहे, आणि शिकलेलं माणूस गेलं तर नुकसान दादाचं आहे. हे सरकारनं करायला हवं, प्रशिक्षण, पगार, सगळं. बालवाडीच्या ताईंना आपण मानधनावर राबवतो, मग यांना कोण विचारणार, असा विचार मनात आला की माझा चहा गार होतो.

लेक नाशिकला असते. ती म्हणते, दादा माझ्याकडे येईल. मनापासून म्हणते. आम्ही त्यावर 'बरं' म्हणत नाही आणि 'नको'ही म्हणत नाही. बहीण म्हणून तिनं यावं, रागावावं, लाड करावेत. तिची सगळी सकाळ या वहीत लिहून टाकायचा हक्क आम्हाला नाही.

*

खालून वीस ऐकू येतात. चढताना! बाबा आणि मी एकमेकांकडे बघतो. जिना चढतायत आणि मोजतायत. तिसऱ्या मजल्यावर भाऊ धापा टाकत आत येतो, दादा त्याच्या मागे, चिखलानं पायजमा गुडघ्यापर्यंत भरलेला, 'हूं' अगदी खालच्या पट्टीत. दादा सरळ फळ्यापाशी जातो, टेकडीचं चित्र काढून डब्यात टाकतो आणि पाण्यासाठी माझं मनगट धरतो.

"काकू, लई चालला दादा. खाणीपर्यंत जाऊन आलो," भाऊ म्हणतो. हातावरचं बघ म्हटल्यावर तो दादाचा हात उलटा करून दाखवतो, रक्त आलेलं नाही, बर्फ लावायला हवा. मी फ्रीजकडे वळते तर भाऊ म्हणतो, "मी लावतो. थंड आधी माझ्या हाताला लावून दाखवलं की घेतो तो." हे मला ठाऊक नव्हतं. मी बर्फाला कायम रुमाल गुंडाळत आले.

"वहीत लिही," मी म्हणते.

"माझं अक्षर लई वाईट आहे, काकू."

"लिही. आधी तारीख घाल."

तो डायनिंग टेबलाशी बसतो, पेन घट्ट धरून. बर्फाचं लिहितो. पायरीवर पाठमोरं बसण्याचं लिहितो, ते कुठून सुचलं म्हणून बाबा विचारतात. आजोळी म्हैस अडून बसली की आजोबा तिच्याकडे पाठ करून पुढे जाऊन बसायचे, असं तो सांगतो आणि सांगितल्यावर एकदम ओशाळतो. बाबा म्हणतात, "तेही लिही." मग जिना. अठरा पायऱ्या, खाली आल्यावर उरलेले आकडे उभ्यानं. तो थांबतो, पेनचं बूड कपाळाला लावतो.

"काका, पण उद्या लिफ्ट चालू झाली तर?"

"तर लिफ्टनं जायचं," बाबा म्हणतात.

"आज त्याला जिना लागलाय ओ. मोजून. उद्या लिफ्ट आली आणि आकडे नाही आले तर?"

"लिफ्टमध्येही मोजा मग."

"लिफ्ट विसाच्या आत पोचते," मी म्हणते. "एकवर यायच्या आधी दार उघडेल."

"दहापासून मोजा."

"दहापासून त्यानं कधीच ऐकलेलं नाही. अहो, दाढीत घोळ होईल."

बाबा गळ्यातला हात सावरून खुर्ची ओढतात. भाऊ नवीन पान काढतो.

"फळ्यावर जिन्याचं चित्र लागेल आधी," तो म्हणतो. "काकू, तुमच्या मोबाइलमध्ये चांगला फोटो येतो का? मी खाली जाऊन काढतो, ऊन आहे तोवर."

मी फोन त्याच्या हातात देते.